भिंगाखालचे सत्य : एलिझबेथ फ्रीडमन

विद्यार्थी मित्रांनो, च ची भाषा आपल्यापैकी बहुतेकांना येते. शब्दाचे पहिले अक्षर काढून शेवटी न्यायचे आणि त्याच्या जागी च बसवायचा. शाळा म्हणजे चाळाश. मधल्या सुट्टीत ही भाषा आमच्या कानावर रोज पडते आणि मोठ्यांना ती कळत नाही असा आपला समज असतो! गुपित लपवण्याची ही हौस माणसाला फार जुनी आहे. ते गुपित शोधून काढणे हे ज्यांनी आयुष्यभराचे काम मानले, अशा एका शिक्षिकेचा परिचय या अंकात करून देत आहोत.

एलिझबेथ स्मिथ यांचा जन्म २६ ऑगस्ट १८९२ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात हंटिंग्टन या गावी झाला. मोठ्या कुटुंबातले हे शेंडेफळ. मुलीने महाविद्यालयात जावे हे वडिलांना फारसे पसंत नव्हते. तिने हट्टच धरला तेव्हा त्यांनी फीचे पैसे दिले, पण कर्जाऊ, सहा टक्के व्याजाने. १९१५ साली इंग्रजी साहित्याची पदवी घेऊन ती बाहेर पडली आणि एका छोट्या गावातील शाळेत बदली मुख्याध्यापिका म्हणून काम करू लागली. तिथे तिचे मन रमले नाही. १९१६ साली ती दुसरी नोकरी शोधायला शिकागोला गेली.

शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयात शेक्सपिअरच्या नाटकांचा पहिला मोठा संग्रह आहे हे तिला ठाऊक होते. हा ग्रंथ १६२३ साली, म्हणजे शेक्सपिअरच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी लंडनमध्ये छापला गेला. त्यात ३६ नाटके आहेत. तो पाहायला गेलेल्या एलिझबेथचे ग्रंथपाल बाईंशी बोलणे झाले आणि त्यांनी जॉर्ज फेबियन या धनाढ्य व्यापाऱ्याला फोन केला. कापसाच्या व्यापारात गबर झालेल्या फेबियनने शिकागोजवळ जिनीव्हा या गावी रिव्हरबँक नावाची मोठी वसाहत उभारली होती. तिथे तो पदरच्या पैशाने नाना प्रकारचे संशोधन करवून घेत असे. त्याला शेक्सपिअरच्या ग्रंथावर काम करणारी सहायक हवी होती. एलिझबेथ त्याच्याकडे रुजू झाली.

काम विलक्षण होते. रिव्हरबँकमध्ये एलिझाबेथ वेल्स गॅलप नावाच्या वयस्कर बाई होत्या. त्यांचा दावा असा की शेक्सपिअरची नाटके खरे म्हणजे फ्रान्सिस बेकन या विद्वानाने लिहिली, तो इंग्लंडच्या राणीचा गुप्त पुत्र होता, आणि हे सारे त्याने त्या ग्रंथाच्या छपाईतच लपवून ठेवले आहे.

छपाईत गुपित कसे लपणार? बेकनने एक युक्ती खरोखरच शोधली होती व १६२३ सालीच ती आपल्या लॅटिन ग्रंथात प्रसिद्धही केली होती. छापखान्यात दोन वळणांचे खिळे घ्यायचे. नजरेला ते सारखे वाटावेत, पण बारकाईने पाहिल्यास फरक कळावा. एकाला अ म्हणू, दुसऱ्याला ब. आता कोणताही साधा मजकूर घेऊन त्यातील अक्षरांचे पाच-पाचचे गट पाडायचे. पाचही अक्षरे अ वळणाची असतील तर गुप्त अक्षर पहिले, फक्त शेवटचे ब असेल तर दुसरे, फक्त चौथे ब असेल तर तिसरे. दोन वळणे, पाच जागा, म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२ जुळण्या होतात. वर्णमाला सहज बसते. मजकूर काय आहे याला काही महत्त्व नाही, तो कसा छापला आहे त्यातच निरोप असतो. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे वहीवर करून पाहावे. संगणकाचा सारा कारभार ० आणि १ या दोन अंकांवर चालतो, त्याची ही पणजीच म्हणावी लागेल.

एलिझबेथचे काम एवढेच की भिंग घेऊन बसायचे, गॅलपबाईंनी वाचलेला निरोप पुन्हा वाचायचा आणि तो बरोबर आहे अशी खात्री द्यायची. इथेच घोडे अडले. बाईंना जिथे अ दिसे तिथे हिला ब दिसे, आणि पुष्कळदा काहीच ठरवता येत नसे. बाईंनी येऊन दाखवले की निरोप बरोबर निघे. त्या गेल्या की पुन्हा निघत नसे. त्याच वसाहतीत विल्यम फ्रीडमन नावाचा तरुण आनुवंशिकीचा अभ्यासक होता. छायाचित्रणाचे ज्ञान असल्याने तो या अक्षरांच्या मोठ्या प्रती काढून देत असे. त्यालाही तीच शंका आली. दोघांनी ताडून पाहिले आणि त्यांना कळून चुकले की गॅलपबाई खोटे बोलत नव्हत्या. त्या अत्यंत प्रामाणिक होत्या. परंतु उत्तर त्यांच्या मनात आधीच तयार होते आणि डोळे त्याप्रमाणे पाहत होते.

ज्याच्या घरी राहायचे आणि ज्याचे अन्न खायचे, त्यालाच तुमचा पैसा फुकट जातो आहे असे सांगणे किती कठीण असेल याचा विचार करा. फेबियनला हे ऐकायचे नव्हते. एलिझबेथ व विल्यम यांनी मात्र आपले मत सोडले नाही. मे १९१७ मध्ये त्यांनी विवाह केला.

त्याच सुमारास अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. सरकारकडे गुप्त संदेश उकलणारी माणसे नव्हती, म्हणून ते काम रिव्हरबँककडे आले. इथे या चरित्राचा धागा आपल्या देशाशी जुळतो. अमेरिकेतील गदर पक्षाचे भारतीय क्रांतिकारक जर्मनीच्या मदतीने इंग्रज सरकार उलथवण्याच्या खटपटीत होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे आणि १९१५ साली लाहोरला फाशी गेलेले पुणे जिल्ह्यातील विष्णू गणेश पिंगळे हे याच पक्षाचे. या चळवळीतील काही पत्रे नुसत्या आकड्यांत लिहिलेली होती. एका छापील पुस्तकाचे पान, ओळ व त्या ओळीतील जागा असे ते आकडे होते. पुस्तक कोणते हे ठाऊक नसतानाही ती पत्रे रिव्हरबँकमध्ये उकलली गेली आणि १९१७-१८ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील खटल्यात विल्यम यांनी साक्ष दिली. आपल्या क्रांतिकारकांना या विद्येमुळे शिक्षा झाली हे वाचून आम्हाला वाईट वाटते, पण ते लपवणे योग्य नाही. विद्या तलवारीसारखी असते, ती कोणाच्या हाती आहे यावर पुढचे ठरते.

१९१८ च्या आरंभी या दांपत्याने लष्करी अधिकाऱ्यांचा वर्ग घेतला. वर्गाच्या समूहचित्रात काही जण कॅमेऱ्याकडे पाहत आहेत तर काही बाजूला. तो गबाळेपणा नाही. समोर पाहणारा अ, बाजूला पाहणारा ब असे धरले की ज्ञान हेच बळ या अर्थाचे इंग्रजी वचन निघते. माणसे कमी पडल्याने शेवटचे अक्षर तेवढे अपुरे राहिले.

१९२१ साली दोघे वॉशिंग्टनला आले. अमेरिकेत तेव्हा दारूबंदी होती आणि समुद्रमार्गे चोरटी दारू आणणाऱ्या टोळ्या बिनतारी यंत्रावरून सांकेतिक निरोप धाडत. एलिझबेथ तटरक्षक दलासाठी ते उकलू लागल्या. सुमारे तीन वर्षांत त्यांनी व त्यांच्या मोजक्या सहाय्यकांनी १२,००० संदेश उकलले. १९३३ साली न्यू ऑर्लीन्सच्या खटल्यात त्या साक्षीला उभ्या राहिल्या आणि कोर्टात फळा मागवून त्यांनी उकल कशी होते हे समजावले. अंगातली शिक्षिका अशी उपयोगी पडली! दुसऱ्या महायुद्धात दक्षिण अमेरिकेतील जर्मन हेरांचे संदेश त्यांच्या पथकाने उकलले. हे काम गुप्त असल्याने कित्येक दशके त्याचे श्रेय इतरांकडे गेले. त्यांनी तक्रार केली नाही. २०१९ साली अमेरिकेच्या सिनेटने त्यांच्या कार्याचा गौरव करणारा ठराव संमत केला.

निवृत्तीच्या काळात पतिपत्नी पुन्हा त्या जुन्या प्रश्नाकडे वळली. १९५७ साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. खरी उकल कोणती याची त्यांनी साधी कसोटी सांगितली. नियम ठरलेले हवेत, आणि तेच नियम घेऊन बसलेल्या दुसऱ्या माणसालाही तेच उत्तर मिळायला हवे. १६२३ च्या छापखान्यात खिळे झिजलेले होते, निरनिराळ्या साच्यांचे मिसळलेले होते, ओलसर कागदावर शाई पसरत होती आणि छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत होत्या. त्यामुळे एकाच ग्रंथाच्या दोन प्रतीसुद्धा सारख्या नाहीत. अक्षरांतला फरक खरा होता, त्यातला निरोप मात्र वाचणाऱ्याच्या मनातला होता. गंमत अशी की या ग्रंथाच्या २५७ व्या पानावर त्यांनी स्वतःच एका तिरक्या अक्षरांतील ओळीत बेकनची युक्ती वापरली आहे. ही नाटके मी लिहिली नाहीत, असा निरोप त्यात खुद्द बेकनच्या नावाने दिला आहे.

विल्यम १९६९ साली वारले. आर्लिंग्टन येथील त्यांच्या समाधीवर एलिझबेथ यांनी ज्ञान आणि बळाचे तेच वचन कोरवून घेतले. इंग्रजीत त्याची १६ अक्षरे होतात. काहींच्या टोकांना बारीक आडवी रेघ आहे, काहींच्या नाही. पहिल्या १५ अक्षरांतून विल्यम यांच्या नावाची तीन आद्याक्षरे निघतात. लोक समोरून येत-जात राहिले, पण २०१७ सालापर्यंत हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. एलिझबेथ यांचे निधन ३१ ऑक्टोबर १९८० रोजी झाले आणि त्याच शिळेवर त्यांचेही नाव आले.

विद्यार्थी मित्रांनो, आता थोडे प्रयोगवहीविषयी. पुस्तकातले उत्तर आधी लिहायचे आणि निरीक्षणाचे आकडे मागाहून त्याला जुळवायचे, हा प्रकार आम्ही दरवर्षी पाहतो. गॅलपबाईंचे नकळत झाले, आपण ते जाणूनबुजून करतो. यंदापासून आपल्या शाळेत खरे निरीक्षण लिहिणाऱ्याचे गुण, उत्तर चुकले तरी, कापले जाणार नाहीत असे विज्ञान शिक्षकांच्या बैठकीत ठरले आहे. पालकांनीही घरी वही पाहताना उत्तर बरोबर आले का हे विचारण्याआधी तुला काय दिसले हे विचारावे. विश्वस्त मंडळींना विनंती की प्रयोगशाळेतील तराजू व भिंगे जुनी झाली आहेत, त्यांचा विचार येत्या अंदाजपत्रकात व्हावा. मुलांनी खरे तेच लिहावे अशी आपली अपेक्षा असेल तर त्यांना नीट दिसेल अशी सोय करणे हे आपणा मोठ्यांचे काम आहे.