परमवीरचक्राच्या शिल्पकार : सावित्रीबाई खानोलकर

बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राचे गाव. खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या आपल्या सीमाभागात फौजेत गेलेला मुलगा ही नवलाची गोष्ट नाही. पदक आणि पेन्शन या शब्दांचे मोल येथील कित्येक घरे जाणतात. म्हणूनच स्वतंत्र भारताच्या सर्वोच्च शौर्यपदकाला रूप देणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर यांचे स्मरण या शताब्दी ग्रंथात उचित ठरेल.

सावित्रीबाईंचे मूळ नाव ईव्ह इव्हॉन. त्यांचा जन्म २० जुलै १९१३ रोजी स्वित्झर्लंडमधील न्यूशातेल येथे झाला. वडील आंद्रे द माडाय हे हंगेरियन समाजशास्त्रज्ञ, जिनिव्हातील प्राध्यापक आणि राष्ट्रसंघाच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल, आई रशियन. मातृसुखाला त्या लवकरच पारख्या झाल्या. ग्रंथपालाच्या या कन्येला वाचनाची गोडी बालपणीच लागली, आणि आल्प्सच्या पायथ्याशी वाढत असतानाच भारताची ओढ निर्माण झाली.

१९२९ साली सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात शिकणाऱ्या विक्रम खानोलकर या मराठी तरुणाशी त्यांची ओळख झाली. वडिलांचा विरोध असूनही त्या भारतात आल्या आणि १९३२ साली लखनौ येथे विवाहबद्ध झाल्या. ईव्हची सावित्री झाली ती केवळ नावाने नव्हे. त्यांनी मराठी, हिंदी व संस्कृत आत्मसात केली. वेद, उपनिषदे व पुराणे यांचा व्यासंग केला आणि महाराष्ट्रातील संतांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला.

स्वातंत्र्यानंतर मेजर जनरल हिरालाल अटल यांच्याकडे नव्या शौर्यपदकांची सिद्धता होती. त्यांनी हे काम सावित्रीबाईंकडे सोपविले. परमवीरचक्रासाठी त्यांना दधीची ऋषींची कथा आठवली. वृत्रासुराच्या नाशासाठी दधीचींनी स्वतःच्या अस्थी दिल्या आणि त्यांतून इंद्राचे वज्र घडले. कांस्याच्या त्या पदकावर मध्यभागी राजमुद्रा, तिच्याभोवती चार वज्रे आणि वर जांभळी फीत. शत्रूला मारणाऱ्याहून स्वतःला देऊन टाकणारा मोठा, हा त्या रूपाचा आशय. २६ जानेवारी १९५० रोजी ही पदके रीतसर अस्तित्वात आली.

आजवर २१ वीरांना परमवीरचक्र मिळाले. त्यांपैकी १४ जणांना मरणोत्तर. पहिले मानकरी मेजर सोमनाथ शर्मा ३ नोव्हेंबर १९४७ रोजी बडगाम येथे धारातीर्थी पडले. ते सावित्रीबाईंच्या थोरल्या कन्येचे दीर. पदक आले ते असे आप्तांच्याच घरी. कारवारजवळच्या चेंडिये गावी जन्मलेले रामा राघोबा राणे यांना मात्र हा मान हयातीत लाभला.

दधीचींच्या कथेचा उत्तरार्ध मात्र फारसा सांगितला जात नाही. त्यांच्यामागे पोरका राहिलेला पुत्र पिप्पलाद पिंपळाच्या आश्रयाने वाढला, असे पुराणे सांगतात. देणारा देऊन जातो. मागे राहिलेल्यांना सावली कोणी द्यावी, हा प्रश्न उरतोच. सावित्रीबाईंनी त्याचे उत्तर स्वतःच्या आचरणाने दिले. सैनिक, रणात पडलेल्यांची कुटुंबे आणि फाळणीने विस्थापित झालेली माणसे यांच्यासाठी त्या झटल्या. १९५२ साली मेजर जनरल खानोलकरांचे निधन झाले आणि वैधव्याचे दुःख त्यांच्याही वाट्याला आले. त्यानंतर त्यांनी रामकृष्ण मठाचा आश्रय घेतला. पण सेवेचे व्रत सोडले नाही. २६ नोव्हेंबर १९९० रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

सैनिकांच्या कुटुंबांचा भार समाजानेही उचलावा, या हेतूने १९४९ पासून ७ डिसेंबर हा ध्वजदिन पाळला जातो. जायबंदी जवान, माजी सैनिक आणि वीरपत्नी यांच्यासाठी त्या दिवशी निधी जमतो. छातीवर लावलेल्या कागदी ध्वजाची किंमत थोडी असेल, परंतु ती पिंपळाच्या सावलीतील एक पान आहे. पदक हा राष्ट्राने केलेला गौरव. सावली देणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य. परदेशात जन्मून या भूमीच्या झालेल्या सावित्रीबाईंनी दोन्ही गोष्टी केल्या. त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.