पुलं टीव्ही शिकायला लंडनला गेले, तेव्हा तिथं जाहिरातवाल्या टीव्हीने बीबीसीच्या नाकी नऊ आणले होते

पु. ल. देशपांडे म्हटलं की बटाट्याची चाळ, अंतू बर्वा, पेटी आणि हशा आठवतो. पण भारतात टीव्ही सुरू करणाऱ्या पहिल्या फळीतही हा माणूस होता, हे फार कमी जणांना माहीत असतं.

८ नोव्हेंबर १९१९ ला मुंबईत जन्म, पार्ल्यात बालपण. शिक्षकी, नाटक, सिनेमा सगळं करून झालं. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'त लेखन, दिग्दर्शन, संगीत आणि मुख्य भूमिका असं सगळंच त्यांचं. मग १९५५ मध्ये ते आकाशवाणीत नोकरीला लागले.

योगायोग बघा, त्याच वर्षी २२ सप्टेंबरला लंडनमध्ये आयटीव्ही सुरू झाला. ब्रिटनमधला पहिला जाहिरातींवर चालणारा टीव्ही. पहिली जाहिरात होती टूथपेस्टची. जाहिराती आल्या की टीव्ही सवंग होईल म्हणून तिथल्या संसदेत मोठा विरोध झाला होता. त्यामुळे नियमही कडक केले. कंपनीने जाहिरातीची वेळ विकत घ्यायची, कार्यक्रमात मात्र नाक खुपसायचं नाही.

बीबीसीनेही त्या रात्री डाव टाकला. 'द आर्चर्स' या रेडिओ मालिकेतली ग्रेस नावाची लाडकी नायिका नेमकी त्याच संध्याकाळी आगीत मारून टाकली. दुसऱ्या दिवशी चर्चा नव्या चॅनेलपेक्षा तिचीच.

पण लोक आयटीव्हीकडे वळलेच. पैसे जिंकून देणारे क्विझ शो, रविवारी रात्री पॅलेडियम थिएटरमधला नाचगाण्यांचा कार्यक्रम, रॉबिन हूडची मालिका, हॉस्पिटलवरची 'इमर्जन्सी वॉर्ड १०'. आज आपल्या चॅनेलवर जे दिसतं, त्यातलं बरंचसं तेव्हाच तयार झालं होतं.

१९५८ च्या सुमारास पुलं टीव्हीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले. सोबत सुनीताबाई. म्हणजे टीव्ही कसा करायचा हे ते अशा शहरात शिकत होते, जिथं एक बटण दाबलं की सरकारी सनदेवर चालणारी बीबीसी आणि दुसरं दाबलं की साबणाच्या पैशावर चालणारी करमणूक. त्या प्रवासातून १९६० मध्ये 'अपूर्वाई' हे पुस्तक आलं.

परत आल्यावर दिल्लीत काय होतं? आकाशवाणीच्या इमारतीत एक छोटा स्टुडिओ, युनेस्कोची मदत आणि आठवड्यातून दोनच दिवस प्रक्षेपण. १५ सप्टेंबर १९५९ ला सुरुवात झाली. प्रेक्षक म्हणजे टेलिक्लबमध्ये एका सेटसमोर जमणारी माणसं. करमणुकीपेक्षा लोकशिक्षणावर भर. भारतीय टीव्हीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारा माणूस ही पुलंची ओळख तिथलीच.

खरंतर इथं पुलंसाठी मोठ्ठं सरकारी करिअर तयार होतं. पण काही वर्षांतच त्यांनी नोकरी सोडली आणि रंगमंचावर आले. एकट्याच्या जोरावर 'बटाट्याची चाळ', मग १९६२ मध्ये 'वाऱ्यावरची वरात'. दूरदर्शनचं नुकसान झालं असेल, मराठी माणसाचं बिलकुल नाही. त्यातून आलेला पैसाही त्यांनी आणि सुनीताबाईंनी ट्रस्टमार्फत संस्थांना वाटला. पुण्याचं 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्र त्यातलंच एक.

इकडे टीव्ही आपल्या गतीने चालला. मुंबई दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. जाहिराती आल्या १९७६ मध्ये. आणि १९८४ मध्ये 'हम लोग' मॅगीवाल्यांच्या पैशावर उभी राहिली. ब्रिटिशांनी जी प्रायोजकी टाळली, ती आपण सरकारी चॅनेलवरच आणली.

१२ जून २००० ला पुलं गेले. लग्नाचा वाढदिवसही त्याच दिवशी. पुढे २०१८ मध्ये सोनी सबवर 'नमुने' नावाची हिंदी मालिका आली, 'व्यक्ती आणि वल्ली'वर बेतलेली. त्यात संजय मोने पुलं झाले होते, आणि मध्येमध्ये जाहिराती लागत होत्या.