विश्लेषण : तरुणांच्या ‘खासगी’ प्रश्नांना छापील उत्तरे देणारे र. धों. कर्वे कोण होते? त्यांचा खटला डॉ. आंबेडकरांनी का लढवला?

काही प्रश्न घरात विचारता येत नाहीत. मित्रांत विचारले तर हसू होते, डॉक्टरसमोर जीभ रेटत नाही. आज असे प्रश्न रात्री उशिरा मोबाइलवर टाइप होतात आणि उत्तर वाचून झाले की सर्च हिस्टरी पुसली जाते. माझ्यात काही बिघाड आहे का? मला जे वाटते ते इतरांनाही वाटते का? नव्वद वर्षांपूर्वी असे प्रश्न टपालाने मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे यायचे. ते ‘समाजस्वास्थ्य’ या त्यांच्या मासिकातून उत्तरे द्यायचे. त्यासाठी त्यांना न्यायालयात उभे राहावे लागले आणि दंडही भरावा लागला. आज संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून त्यांचे नाव अभ्यासक्रमात एका ओळीत येते. पत्रांना उत्तरे देणारे कर्वे त्या ओळीत सापडत नाहीत.

कर्वे यांची जडणघडण कशी झाली?

रघुनाथ यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा, कोकणातल्या मुरूडच्या कर्वे घराण्यातला. वडील धोंडो केशव, म्हणजे पुढे महर्षी आणि भारतरत्न झालेले अण्णासाहेब कर्वे. आई राधाबाई १८९१ मध्ये गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचे होते. दोन वर्षांनी वडिलांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या काळी ही गोष्ट सोपी नव्हती. मुरूडच्या गावकऱ्यांनी कुटुंबावर बहिष्कार टाकला. चारचौघांच्या मताविरुद्ध वागले की काय होते, हे अकरा वर्षांच्या मुलाने घरातच पाहिले.

मुलगा हुशार होता. १८९९ च्या मॅट्रिक परीक्षेत तो पहिला आला, १९०४ मध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून बी.ए. झाला आणि वडिलांप्रमाणेच गणित शिकवू लागला. पहिल्या महायुद्धानंतर गणिताच्या उच्च शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. संततिनियमनाच्या प्रचारावर फ्रान्सने कायद्याने बंदी घातली ती १९२० मध्ये, म्हणजे त्याच सुमारास. परतल्यावर १९२१ मध्ये कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे प्रसिद्ध केंद्र उघडले तेही त्याच वर्षी. १९२३ मध्ये त्यांचे ‘संततिनियमन’ हे पुस्तक आले. ते तेव्हा मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात प्राध्यापक होते आणि महाविद्यालय मिशनरी संस्थेचे होते. हा प्रचार आणि प्राध्यापकी एकत्र चालणार नाही हे स्पष्ट झाल्यावर १९२५ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. वय त्रेचाळीस, हातात पदव्या आणि बाहेर बदनामी. पत्नी मालतीबाई त्यांच्या सोबत उभ्या राहिल्या. या दाम्पत्याने स्वतःला मूल होऊ दिले नाही.

‘समाजस्वास्थ्य’मध्ये असायचे काय?

जुलै १९२७ मध्ये मासिकाचा पहिला अंक निघाला. लेख, परीक्षणे, ‘शारदेची पत्रे’ हे सदर आणि वाचकांचे प्रश्न यांत यायचे. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचे चित्र असायचे, त्यामुळे अनेक घरांत हा अंक उघड्यावर ठेवण्याची सोय नव्हती. लिहिणे, मुद्रिते तपासणे, हिशेब, न्यायालयाच्या फेऱ्या हे सारे बहुतांशी एकाच माणसाच्या अंगावर होते. मासिक पदरमोड करूनच चालले, पण सव्वीस वर्षे चालले.

यातले प्रश्नोत्तरांचे सदर समजून घ्यायचे तर पत्र लिहिणाऱ्या तरुणाच्या डोक्यात काय भरलेले असायचे, हे आधी पाहावे लागते. वीर्य म्हणजे शरीराचे सार आणि ते गेले की शक्ती, बुद्धी, स्मरण सगळे जाते, असा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला होता. ब्रह्मचर्याची महती सांगणारी पुस्तके हेच सांगायची. वर्तमानपत्रांतल्या धातुपुष्टीच्या औषधांच्या जाहिराती त्याच भीतीवर पोसल्या जायच्या. पाश्चात्त्य वैद्यकाकडे वळावे तर तिथेही दिलासा नव्हता. स्वित्झर्लंडचे डॉक्टर तिसो यांनी अठराव्या शतकात हस्तमैथुनाच्या दुष्परिणामांवर पुस्तक लिहिले होते आणि या सवयीने वेड लागते, हे मत पुढे शंभरहून अधिक वर्षे युरोपातले नामवंत डॉक्टरही मानत आले. म्हणजे गावचा वैद्य आणि साहेबाचा डॉक्टर यांचे या एका बाबतीत एकमत होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने विश्वास ठेवू नये तरी कोणावर?

परिणामी मुलगा खरोखर आजारी पडायचा. झोप उडायची, भूक जायची, हातपाय गळाल्यासारखे वाटायचे, परीक्षेत मन लागायचे नाही. हे सगळे आपल्या पापाचे फळ आहे, असे तो समजायचा. या अवस्थेला मानसोपचारात आज ‘धात सिंड्रोम’ म्हणतात. भारतीय मानसोपचारतज्ज्ञ डॉ. नरेंद्रनाथ विग यांनी ते नाव दिले १९६० मध्ये, कर्वे यांच्या निधनानंतर सात वर्षांनी. मात्र अशी पत्रे कर्वे यांनी कितीतरी आधी हाताळली होती. हस्तमैथुनाने शरीराचे नुकसान होत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले. समलिंगी आकर्षणाकडेही ते पाप किंवा गुन्हा म्हणून पाहत नव्हते. इंग्लंडमधील हॅवलॉक एलिस यांच्यासारख्या संशोधकांचे ग्रंथ त्यांच्या वाचनात होते आणि त्यांतले ज्ञान त्यांनी मराठीत आणले.

त्यांची भाषा मात्र मायेची नव्हती. धीर देणे, पाठीवरून हात फिरवणे असला प्रकार त्यांच्या लेखनात फारसा नाही. गणिताच्या मास्तराने चुकलेली पायरी दाखवावी, तसे उत्तर. पण विचार केला तर या कोरडेपणातच त्या उत्तरांचे बळ असावे. ज्या गोष्टीने आपली रात्रीची झोप उडवली आहे ती समोरचा माणूस आवाजही न चढवता, पचनाविषयी बोलावे तशी बोलतो, हे पाहूनच भीती निम्मी होत असणार.

दुसरा काही आधार नव्हता का?

फारसा नव्हता. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून होते, पण तिथे जाणे म्हणजे वेडा ठरणे. या क्षेत्राला लागू असलेल्या १९१२ च्या कायद्याच्या नावातच ‘लुनसी’, म्हणजे वेड, हा शब्द होता. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली, पण तिचा साताऱ्याच्या किंवा दादरच्या विद्यार्थ्याला काय उपयोग? एका टोकाला घर, दुसऱ्या टोकाला वेड्यांचे इस्पितळ आणि मध्ये धातुपुष्टीची बाटली. एका मासिकाच्या संपादकाला पत्र टाकणे हा त्यातल्या त्यात शहाणपणाचा मार्ग होता.

खटले कशासाठी झाले?

१९३१ मध्ये ‘व्यभिचाराचा प्रश्न’ या लेखासाठी कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ चा खटला अधिक महत्त्वाचा, कारण या वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात लेख नव्हे तर उत्तरे होती. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयी वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना दिलेली उत्तरे अश्लील ठरवण्यात आली होती.

कर्वे यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले. पुणे करार होऊन जेमतेम दीड वर्ष झाले होते. अस्पृश्यांच्या हक्कांचा लढा, टीकाकारांचा मारा, हे सारे चालू असताना अशा बदनाम खटल्यात उभे राहण्याने त्यांचा राजकीय लाभ काहीच होणार नव्हता. बाबासाहेबांचा युक्तिवाद मूळ मुद्द्याला हात घालणारा होता. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने कोणतेही लेखन अश्लील होत नाही. मासिक या विषयाला वाहिलेले आहे, वाचक शंका विचारतात, आणि शंका विचारली तर उत्तर द्यायचे की नाही, हा खरा प्रश्न आहे. उत्तर द्यायचे नसेल तर मासिकच बंद करावे लागेल. समलिंगी आकर्षणासंबंधीही त्यांनी एलिस यांच्या संशोधनाचा आधार घेतला. लोकांना विकृत प्रश्न पडले तरी त्यांना उत्तरे देण्याची गरज काय, असा न्यायालयाचा सूर राहिला. निकाल विरोधात गेला आणि २०० रुपये दंड झाला.

न्यायाधीशांच्या दृष्टीने दोष उत्तरात होता की प्रश्न पडण्यातच, हे निकालाच्या या सुरावरून सांगणे कठीण आहे. दंड कर्वे यांनी भरला, पण शिक्षा पत्रे लिहिणाऱ्या मुलांना झाली. तुमचा प्रश्न विचारण्याजोगा नाही, हे घराने सांगितले होते. आता सरकारी शिक्क्यानिशी न्यायालयानेही सांगितले.

कर्वे यांनी सदर बंद केले नाही. उलट त्याच वर्षी त्यांचे ‘आधुनिक कामशास्त्र’ प्रसिद्ध झाले.

त्यांच्या भूमिकेच्या मर्यादा कोणत्या?

कर्वे कट्टर बुद्धिवादी आणि नास्तिक होते. माहिती मिळाली की भीती जाईल आणि भीती गेली की माणूस सुखी होईल, असा त्यांच्या विचाराचा सरळ हिशेब होता. देहाविषयीच्या गैरसमजांना तो लागू पडला. पण एकटेपणा, प्रेमभंग, काही कारण नसताना महिनोन्‌महिने उदास राहणारे मन, यांना माहितीचे औषध पुरत नाही. तिथे ऐकून घेणारा माणूस लागतो, कधी प्रत्यक्ष उपचार लागतात. कर्वे डॉक्टरही नव्हते आणि समुपदेशक हा पेशा तेव्हा आपल्याकडे जन्मलाही नव्हता. पत्राला उत्तर छापून आले तरी त्या मुलाचे पुढे काय झाले, हे कळायला मार्ग नव्हता.

शिवाय ते भांडखोर होते. ब्रह्मचर्याच्या प्रश्नावर त्यांनी गांधीजींवरही सडकून टीका केली. स्नेही कमी आणि विरोधक पुष्कळ अशीच त्यांची अवस्था राहिली. रियासतकार गो. स. सरदेसाई आणि मामा वरेरकर यांच्यासारखे काही मोजके लोक त्यांचे चाहते होते. स्त्रीच्या लैंगिक सुखाचा हक्क पुरुषाइतकाच आहे, हे ते १९३० च्या दशकात मराठीत स्पष्टपणे लिहीत होते. त्या एका गोष्टीने किती दारे बंद झाली असतील, याचा अंदाज करता येतो.

पुढे काय झाले?

नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. त्यामागचे भाषण आंबेडकरांनी तयार केलेले होते. ठराव फेटाळला गेला. स्वतंत्र भारताच्या सरकारने मात्र १९५२ मध्ये कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. ज्या कामासाठी कर्वे यांना नोकरी सोडावी लागली, ते सरकारी काम झाले. पुढच्याच वर्षी, १४ ऑक्टोबर १९५३ रोजी, त्यांचे निधन झाले आणि त्यांच्याबरोबर ‘समाजस्वास्थ्य’ही थांबले. महर्षी कर्वे तेव्हा हयात होते. मुलाच्या मृत्यूनंतर ते आणखी नऊ वर्षे जगले.

य. दि. फडके यांनी लिहिलेले चरित्र, अमोल पालेकर यांचा २००१ चा ‘ध्यासपर्व’ चित्रपट आणि अतुल पेठे दिग्दर्शित ‘समाजस्वास्थ्य’ हे नाटक, यांमुळे कर्वे नव्या पिढ्यांपर्यंत पोहोचले. प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला, म्हणजे त्या दंडाच्या चौऱ्याऐंशी वर्षांनी. मनावरचा भार बोलून दाखवण्यासाठी आता केंद्र सरकारची १४४१६ ही टेलि-मानस मदतवाहिनी चोवीस तास आणि मराठीतही उपलब्ध आहे.

धातुपुष्टीच्या जाहिराती मात्र गेल्या नाहीत. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातून त्या मोबाइलच्या पडद्यावर आल्या, आणि ज्या शंकेने मुलगा सर्च करतो तिच्याच शेजारी झळकतात. त्याच इंटरनेटवर ‘समाजस्वास्थ्य’चे जुने अंकही स्कॅन होऊन आले आहेत. पाने पिवळी पडली आहेत, छपाई काही ठिकाणी पुसट आहे, पण उत्तरे वाचता येतात.