बाबासाहेबांच्या घरचा अभ्यास

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर १४ एप्रिलला आपण भाषणं करतो. पण ते लहानपणी घरी कसा अभ्यास करायचे हे पुष्कळ मुलांना माहीत नसते. म्हणून मी तेच जास्त लिहिणार आहे.

त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य प्रदेशातील महू या गावी झाला. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आईचे नाव भीमाबाई व वडिलांचे नाव रामजी. रामजींना चौदा मुले झाली, त्यातले भीमराव चौदावे. रामजी सैन्यात सुभेदार होते व लष्कराच्या शाळेत मुख्याध्यापक होते. भीमराव लहान असतानाच आई वारली. मग मीराबाई आत्याने त्यांना सांभाळले.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचे नाव घातले. शाळेत त्यांना इतर मुलांबरोबर बसू देत नसत. बसायला घरून गोणपाट न्यावे लागे. तहान लागली तरी नळाला हात लावायचा नाही, शिपायाने तोटी उघडली तरच पाणी. हे वाचून मला लई राग आला.

घरी मात्र वडील मुलांना जवळ घेऊन बसायचे. अभंग आणि कबीराचे दोहे म्हणून घ्यायचे. रामायण-महाभारतातल्या गोष्टी वाचून दाखवायचे. इंग्रजी यावे म्हणून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके त्यांनी करून घेतली.

पुढे सगळे मुंबईला परळच्या चाळीत राहायला गेले. एकच खोली! त्यातच चूल, धूर, भांडीकुंडी. भीमराव झोपायचे तिथे डोक्याशी जाते आणि पायाशी शेळी. (आमच्या घरी पण शेळी आहे. तिने माझ्या गणिताच्या वहीची दोन पाने खाल्ली.) एवढ्या गर्दीत अभ्यास कसा होणार? म्हणून भीमराव लवकर झोपत. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहत, मग पोराला उठवत आणि स्वतः झोपत. भीमराव दिव्यापुढे बसून वाचत.

त्यांना पुस्तकांचे फार वेड होते. शाळेची सोडून दुसरीच पुस्तके मागायचे. वडिलांजवळ पैसे नसले तर ते लग्न झालेल्या धाकट्या मुलीकडे उसने मागायला जात. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. थोरली दागिना काढून द्यायची. तो गहाण ठेवून पुस्तक यायचे आणि पेन्शन मिळाली की दागिना सोडवायचा. मला वाटते, त्या बहिणींचे नाव पण धड्यात पाहिजे.

१९०७ साली ते मॅट्रिक पास झाले. तेव्हा केळुसकर गुरुजींनी त्यांना स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र भेट दिले. २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या महाराजांच्या मदतीने ते अमेरिकेला शिकायला गेले, नंतर लंडनला. पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. दादरला त्यांनी राजगृह बांधले, त्यात पुस्तकांसाठी मोठी जागा ठेवली. १९४१ साली ते आपल्या जिल्ह्यातल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीला त्यांचे निधन झाले.

रामजींना वाचता येत होते. माझ्या आईपप्पांना येत नाही. ते दसऱ्यानंतर ऊस तोडायला कारखान्याला जातात, मी आजीपाशी राहतो. आजीला पण अक्षर येत नाही. पण मी वाचताना अडखळलो की ती हातातली भाकरी थांबवते आणि परत वाचायला लावते. रात्री पप्पांचा फोन येतो तेव्हा एक पान त्यांना वाचून दाखवायचे, असे आमचे ठरले आहे.

हा लेख पण मी त्यांना फोनवर वाचून दाखवला. दागिन्याचे आले तेव्हा पप्पा गप्प बसले. ताईच्या बारावीच्या वेळी आईचे डोरले सोनाराकडे ठेवले होते, ते अजून सुटले नाही. मग आई फोनवर आली आणि तेवढेच परत वाच म्हणाली. मी परत वाचले.