अंगणवाडीचा विसरलेला अर्धा भाग

लहान मुलांसाठी राज्यसंस्थेने प्रथम काय करावे, याची चर्चा आपल्याकडे बहुधा योजनांच्या यादीने सुरू होते आणि तरतुदींच्या आकड्यांनी संपते. इतिहासाचा विद्यार्थी या नात्याने मला या प्रश्नाचे अधिक स्पष्ट उत्तर एका चरित्रात सापडते. ते चरित्र ताराबाई मोडक यांचे आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. स्त्रीशिक्षणाला अनुकूल अशा या घरातून त्या १९१४ मध्ये पदवीधर झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस गेल्या. परंतु तो विवाह टिकला नाही आणि १९२१ मध्ये त्या पतीपासून विभक्त झाल्या. त्या काळातील सुशिक्षित मध्यमवर्गालाही हा निर्णय सहज पचणारा नव्हता. लहान मुलीची जबाबदारी सांभाळत त्यांनी राजकोटच्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयाचे काम पाहिले. मूल सांभाळणे आणि अर्थार्जन या दोन्ही गोष्टी एकाच स्त्रीच्या वाट्याला आल्या म्हणजे काय होते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

पुढे भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्या गिजुभाई बधेका यांच्या सहकारी झाल्या. मारिया माँटेसरी यांच्या बालशिक्षणपद्धतीला भारतीय रूप देण्याचा प्रयोग तेथे चालू होता. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार सुरू केले. तेथेच त्या थांबल्या असत्या, तर शहरी बालशिक्षणाच्या प्रवर्तक म्हणून त्यांचे नाव राहिले असते. परंतु महागड्या साधनांवर उभी राहिलेली बालशाळा खेड्यातील मुलापर्यंत कधीच पोहोचणार नाही, ही जाणीव त्यांना स्वस्थ बसू देईना.

१९४५ मध्ये त्या तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे गेल्या. वयाची पन्नाशी उलटलेली होती. सोबत अनुताई वाघ आल्या. त्या स्वतः बालविधवा होत्या आणि पुढे याच कामाच्या वारसदार ठरल्या. त्याच वर्षी त्या परिसरात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. अशा दारिद्र्यात बालवाडी उघडली, तरी मुले येत नव्हती. ताराबाईंनी पालकांच्या अज्ञानाला दोष दिला नाही. मुले येत नसतील, तर शाळेनेच त्यांच्या वस्तीत जावे, असे त्यांनी ठरवले. पाड्यावरच्या अंगणात वर्ग भरू लागला. बिया, शिंपले, पाने आणि खडे हीच साधने झाली. यातून अंगणवाडी आकाराला आली.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तेथे त्याला पुढचे वळण मिळाले. थोरली मुलगी शाळेत का येत नाही, याचा शोध घेता घेता कारण तिच्या कडेवरच सापडले. आई मजुरीला जात असे आणि धाकट्या भावंडाला सांभाळण्याचे काम तिच्याकडे असे. म्हणून ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिला विकासवाडी असे नाव दिले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी माळावर कुरणशाळा भरवली. मूल एकटे नसते. ते घरातील श्रमांच्या वाटणीत अडकलेले असते. ती वाटणी बदलल्याशिवाय शिक्षण किंवा पोषण त्याच्यापर्यंत नीट पोहोचत नाही, हा त्यांच्या साऱ्या कार्याचा निष्कर्ष होता. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व पोषण शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण या सहा सेवा ठरल्या. त्यांत पाळणाघर नव्हते. राज्यसंस्थेने अंगणवाडी देशभर नेली, ही लहान गोष्ट नाही. मात्र कोसबाडच्या शिकवणुकीचा अर्धा भाग मागे राहिला.

तो उरलेला अर्धा भाग मी राहतो त्या छत्तीसगडमधील भिलाई-३ येथे आजही जाणवतो. १९५९ मध्ये भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. कारखान्यासोबत कामगारांची वसाहत, शाळा आणि रुग्णालयही उभे राहिले. कामगाराच्या कुटुंबाला काय लागते, हे राज्यसंस्थेला तेव्हाही ठाऊक होते. पण ही छाया कायम नोकरीवर असणाऱ्यांपुरती राहिली. कंत्राटी मजूर, बांधकामावरील स्त्रिया आणि घरकाम करणाऱ्या बाया तिच्या बाहेर राहिल्या. त्यांची अंगणवाडी दुपारी बंद होते आणि काम संध्याकाळी सुटते. मधल्या तासांत मूल कोणाजवळ असते, यासाठी माझ्या सेवाकाळात आढाव्याच्या तक्त्यांत रकानाच नसे.

२०१७ च्या दुरुस्तीने मातृत्व रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. परंतु देशातील बहुसंख्य श्रमिक स्त्रियांना असे आस्थापनच नाही. तीन वर्षांखालील मुलांसाठी अंगणवाडीतून मुख्यतः घरी नेण्याचा आहार मिळतो. या वयात मुलाला दिवसातून अनेकदा थोडे थोडे भरवावे लागते आणि भरवणारे माणूस जवळ नसेल, तर पाकीट घरात असूनही मूल कुपोषित राहते. छत्तीसगडमध्येच सरगुजा जिल्ह्यात २०१२ पासून मातांच्या सहभागाने फुलवारी केंद्रे चालवली गेली, ती नेमकी याच जाणिवेतून. केंद्राच्या पाळणा योजनेतही अंगणवाडीला पाळणाघर जोडण्याची तरतूद आहे.

यावर आक्षेप खर्चाचा घेतला जातो आणि तो खोटा नाही. दिवसभराच्या संगोपनाला माणसे लागतात आणि माणसांना वेतन द्यावे लागते. मात्र अंगणवाडी सेविकेला मानधनावर ठेवून हा खर्च वाचवता येतो, हा समज आता सोडायला हवा. तिला ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिला आहे. दुसरा आक्षेप असा, की संगोपन हे कुटुंबाचे काम आहे. ताराबाईंनी कुटुंबाची जागा कधीच घेतली नाही. कुटुंबाच्या खांद्यावरचा भार त्यांनी पाहिला आणि त्यातला काही उचलला.

म्हणून प्राधान्यक्रम ठरवायचाच असेल, तर नव्या नावाची आणखी एक योजना नको. श्रमिक वस्त्यांतील अंगणवाड्यांना पाळणाघराची जोड, आईच्या कामाशी जुळणारी वेळ आणि प्रशिक्षित, सन्मानाने वेतन मिळणारी सेविका या तीन गोष्टी प्रथम याव्यात. त्यांचा लाभ केवळ धाकट्या मुलाला होणार नाही. त्याला कडेवर घेऊन घरी थांबलेली त्याची बहीणही शाळेत जाईल.