तंबाखू तीच, मग कॅन्सर एखाद्यालाच का?

एकाच पुडीतली तंबाखू दोघे वर्षानुवर्षे खातात. एकाला अन्ननलिकेचा कॅन्सर होतो, दुसरा म्हातारपणीही ठणठणीत असतो. या कोड्याचा अर्धा भाग सोडवणाऱ्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर अग्रेसर होते.

गोमंतकीय मराठी घराण्यातल्या खानोलकरांचा जन्म १८९५ चा. लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्रात एम.डी. होऊन ते मुंबईत अध्यापन करू लागले. १९४१ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले आणि तिथल्या प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली.

गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ते थांबले नाहीत. रुग्ण कुठला, काय चघळतो, काय ओढतो, काय नेसतो, याचीही त्यांनी नोंद घेतली. १९४५ च्या निबंधात त्यांनी दाखवले, की खैनी जिथे धरतात त्या खालच्या ओठाच्या खाचेत, उलटा चुट्टा ओढणाऱ्यांच्या टाळूवर आणि धोतर काचते त्या कमरेवर कॅन्सर होतो. १९५५ मध्ये डॉ. संघवी आणि राव यांच्यासह त्यांनी तंबाखू व विडीचा घसा-अन्ननलिकेच्या कॅन्सरशी असलेला संबंध तपासला.

उरलेला अर्धा भाग आनुवंशिकतेचा. संघवींबरोबर त्यांनी मुंबईतल्या सहा समाजगटांच्या आनुवंशिक गुणांची तुलनाही केली होती. डीएनएच्या दुरुस्तीचे ज्ञान मात्र नंतरचे. त्यासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल दिले गेले. तंबाखूतली रसायने पेशीच्या डीएनएला चिकटून तो बिघडवतात. पेशीतली प्रथिने बिघडलेला भाग कापून नवा बसवतात. एक्सआरसीसी-१, एक्सपीडी अशा दुरुस्ती-जनुकांत माणसामाणसांत बारीक फरक असतात. त्यांचा अन्ननलिकेच्या कॅन्सरशी संबंध अनेक देशांत तपासला गेला. निष्कर्ष सगळीकडे सारखे नाहीत. एकेका फरकाने धोका थोडाच बदलतो. रोज नव्याने होणाऱ्या बिघाडापुढे चांगली दुरुस्तीही अपुरी पडू शकते.

पुढे भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झालेले खानोलकर १९७८ मध्ये निवर्तले. देहूरोड-चाकण पट्ट्यात आज अनेक प्रांतांचे कामगार एकाच पाळीत काम करतात. प्रत्येकाची जनुके वेगळी. ती बदलता येत नाहीत. खिशातली पुडी टाकता येते. आणि घास अडकू लागला, तर पाणी पिऊन वेळ न काढता दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी.