उष्णतेची मोट ओढणारा शास्त्रज्ञ : लॉर्ड केल्विन

थंडीच्या पहाटे न्हाणीघरात बंबातील ऊन पाणी अंगावर घेताना किती बरे वाटते! गुंजीच्या रानवाऱ्यात तर त्याचे मोल विशेषच. पण तेच पाणी मोरीतून परसात वाहून जाते आणि त्यातील ऊबही वाया जाते. अशी ऊब पुन्हा कामी आणण्याचा मार्ग ज्यांनी दाखविला, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे लॉर्ड केल्विन.

त्यांचे मूळ नाव विल्यम थॉमसन. २६ जून १८२४ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे त्यांचा जन्म झाला. बालपणीच मातृछत्र हरपले. वडील गणिताचे अध्यापक. त्यांनीच मुलांना घरी शिकविले. विल्यम दहाव्या वर्षी ग्लासगो विद्यापीठात दाखल झाला आणि १८४६ मध्ये, अवघ्या बाविसाव्या वर्षी, तेथेच प्राध्यापक झाला. पुढे ५३ वर्षे त्यांनी ते आसन भूषविले. १८४८ मध्ये त्यांनी तापमानाचे निरपेक्ष माप सुचविले. अटलांटिक महासागराखालून तारायंत्राची तार टाकण्याच्या कार्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

पाणी उताराकडे वाहते, तशी उष्णता उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे जाते. परंतु विहिरीचे पाणी आपण मोटेने वर ओढतोच ना? त्याचप्रमाणे यंत्राला शक्ती पुरविली, तर बाहेरच्या गार हवेतील उष्णताही उचलून घरात आणता येईल, आणि नुसत्या शेगडीपेक्षा इंधन कमी लागेल, असे १८५२ मध्ये त्यांनी गणिताने दाखवून दिले. मात्र घरे उबदार करण्यासाठी असे यंत्र त्यांच्या हयातीत प्रचारात आले नाही. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते निवर्तले.

पण सत्य विचार मरत नाही. १९३८ मध्ये झुरिकचे नगरगृह नदीच्या पाण्यातील उष्णतेने तापविण्यात आले. नगरांतील सांडपाणी तर हिवाळ्यातही बाहेरच्या हवेहून उबदार असते. गटारात वाहून जाणारी ती उष्णता यंत्राने उचलून कॅनडातील व्हँकूवर शहराने २०१० पासून फॉल्स क्रीक ही वसाहत उबदार केली. तेथे घरोघरी नळांतून ऊन पाणी खेळू लागले.

विद्यार्थिमित्रहो, केल्विन यांना आपल्या विचाराचे हे फळ पाहावयास मिळाले नाही. तरीही त्यांनी गणित अर्धवट सोडले नव्हते. ज्ञानाचे बीज पेरणाऱ्याने सावलीची वाट पाहू नये, आणि जे टाकाऊ म्हणून आपण ओतून देतो, त्याकडे एकदा तरी विचारपूर्वक पाहावे, हाच त्यांच्या चरित्राचा बोध होय.